पोवाड्यातला तानाजी, पडद्यावरचा 'तान्हाजी' आणि भिवंडीतले आम्ही

सुरुवात एका शब्दापासून करू. १० जानेवारी २०२० ला ओम राऊत दिग्दर्शित, अजय देवगणचा 'तान्हाजी' लागला. पोस्टरवर नावाखाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'द अनसंग वॉरियर'. म्हणजे ज्याचं गाणं कुणी गायलं नाही असा वीर.

आम्ही भिवंडीतली आठ-दहा माणसं तो सिनेमा बघायला गेलो होतो. कुणी यंत्रमागावर काम करणारे, कुणी गोदामात, एक प्राथमिक शिक्षक, दोन कॉलेजातली पोरं. पोस्टर वाचून आमच्यातला सगळ्यात म्हातारा हसला. म्हणाला, "अरे, ज्याचं गाणं आमच्या आज्याला पाठ होतं, तो न गायलेला कसा?"

त्याचं बरोबर होतं. मराठीत इतका गायला गेलेला दुसरा सरदार दाखवा. शाहीर तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा गोंधळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव म्हटला. १८९१ मध्ये ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोळा करून छापले, त्यात तो आला. हा ॲकवर्थ म्हणजे मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, ज्याच्या नावाचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ आजही वडाळ्याला आहे. त्याने या पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतर करून १८९४ मध्ये छापले. पुढे हरि नारायण आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' कादंबरी लिहिली. तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला आणि त्यात तरुण व्ही. शांताराम शेलारमामा झाले. सावरकरांनी पोवाडा रचला, तो इंग्रजांनी जप्त केला. शाळेच्या पुस्तकात तानाजी, गणेशोत्सवाच्या देखाव्यात तानाजी, म्हणीत तानाजी. आणि हा म्हणे 'अनसंग'!

ही जाहिरातवाल्यांची चूक म्हणून सोडून देता आली असती. पण आम्हाला ती चूक वाटत नाही. ज्यांनी गाणं गायलं ते गोंधळी, ते शाहीर, ते डफ-तुणतुणंवाले हिशेबातच नाहीत. त्यांनी गायलं ते गाणं नव्हे. कोट्यवधी रुपये ओतून थ्रीडीमध्ये गायलं तेव्हाच ते गाणं. एकदा असं ठरवलं की मग जुन्या गाण्यात काय होतं हे विचारायला कुणी उरत नाही, आणि नव्या गाण्यात पाहिजे ते घालता येतं. म्हणून हा लेख. पोवाड्यात काय होतं, सिनेमात काय आलं, आणि या दोघांच्या मधल्या जागेत आमच्या भिवंडीत काय घडलं, ते सांगायचं आहे.

आधी इतिहास थोडक्यात. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवरायांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा गेला. तह करायला लावणारा मोगलांचा सेनापती कोण? मिर्झाराजे जयसिंग, रजपूत. पुढे कोंढाण्यावर मोगलांचा किल्लेदार कोण? उदेभान राठोड, रजपूत. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी किल्ला घेतला आणि ते तिथेच पडले. शिवरायांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. त्यात ही हकिकत चार-सहा ओळींत आहे. पाचशे मावळे, कडा चढून जाणारी माणसं, रजपुतांशी लढाई, दोन्ही सरदार एकमेकांच्या हातून पडले, मग भाऊ सूर्याजीने माणसं सावरून किल्ला काबीज केला. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, सारीपाट नाही. आणि एक गोष्ट ठळक आहे. उदेभान हा रजपूत आहे. म्हणजे त्या रात्री कोंढाण्यावर दोन्ही बाजूंनी मेलेली बरीचशी माणसं देवाला एकाच पद्धतीने हात जोडणारी होती. लढाई सत्तेची होती, किल्ल्याची होती, स्वराज्याची होती. धर्माची नव्हती.

आता पोवाडा. तुळशीदासाने या चार ओळींचा केवढा संसार मांडला आहे! जिजाऊ प्रतापगडावर हस्तिदंती फणीने केस विंचरत बसल्या आहेत आणि त्यांची नजर सिंहगडाकडे जाते. त्या राजगडावरून लेकाला बोलावून घेतात, सारीपाट मांडतात, लेकाला हरवतात आणि पणात किल्ला मागतात. भूगोल शाहिराला फारसा अडवत नाही, कारण त्याला भूगोल सांगायचाच नाही. त्याला आईचा हट्ट सांगायचा आहे. मग उमरठ्याला तानाजीच्या घरी रायबाच्या लग्नाची गडबड. ऐंशी वर्षांचा शेलारमामा. लग्न टाकून निघालेला बाप. बारा हजारांची फौज, जिला जिजाऊ स्वतः जेवू घालतात, आणि तानाजीला ओवाळून आपला धाकटा लेक करून घेतात.

आणि मग तो प्रसंग, ज्याच्यासाठी आम्ही हा पोवाडा पुन्हा पुन्हा वाचतो. किल्ल्यात शिरायचं कसं हे तानाजीला ठाऊक नाही. तो पाटलाचा वेष घेतो आणि किल्ल्याच्या पायथ्याशी पहाऱ्यावर असलेल्या कोळ्यांकडे जातो. त्यांच्यात बसतो. त्यांना देणंघेणं करतो, बोलतं करतो, आपलंसं करतो. किल्ल्याची वाट, चौक्या, माणसं, उदेभानाचं बळ, सगळी बातमी या कोळ्यांकडून येते. म्हणजे पोवाड्यात किल्ला आधी पायथ्याशी जिंकला जातो, नंतर माथ्यावर.

हे शाहिराचं नुसतं कल्पनारंजन नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेवरच्या आपल्या पुस्तकात शिवरायांच्या किल्ल्यांची व्यवस्था सांगितली आहे. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस वेगवेगळ्या जातींचे, आणि गडाच्या घेऱ्यात, पायथ्याला रामोशी आणि इतर खालच्या मानलेल्या जातींची माणसं पहाऱ्याला. रान त्यांना माहीत, चोरवाटा त्यांना माहीत. रात्री कोण आलं कोण गेलं ते त्यांना आधी कळणार. किल्ला दगडावर उभा असतो असं आपण म्हणतो. तो या माणसांच्या जागरणावर उभा होता. तुळशीदासाने त्यांना नायक केलं नाही, पण गोष्टीतून काढूनही टाकलं नाही. त्यांच्याशिवाय त्याची गोष्ट पुढेच सरकत नाही.

सिनेमात या प्रसंगाचं काय झालं? पडद्यावरचा तान्हाजी वेषांतर करून जातो तो पायथ्याच्या पहारेकऱ्यांच्या झोपडीत बसायला नाही. तो शत्रूच्या मुक्कामात, खुद्द उदेभानासमोर, महादेवाच्या गाण्यावर नाचतो. शेकडो नाचे, मशाली, भस्म, ढोल. गाणं दणदणीत आहे, आमच्या पोरांचेही पाय हलत होते. पण बघा, काय बदललं. जिथे नायक खालच्या माणसाकडे जाऊन त्याचं ऐकत होता, तिथे आता नायक वरच्या माणसासमोर जाऊन स्वतःला दाखवतो. पोवाड्यातला तानाजी ऐकणारा आहे, सिनेमातला दिसणारा आहे. ऐकायला दुसरा माणूस लागतो. दिसायला फक्त कॅमेरा लागतो.

कुणी म्हणेल, सिनेमा आहे, एवढं काय? सिनेमात बदल करावेच लागतात. मान्य. आम्ही पोवाड्याचे पुजारी नाही. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीला जे भाषण केलं, त्यात विभूतिपूजेवर कोरडे ओढले आहेत, ते आम्ही विसरलेलो नाही. व्यक्तीची पूजा जशी नको, तशी पोथीचीही नको, मग ती पोथी आपल्या आवडत्या शाहिराची का असेना. म्हणून आता पोवाड्याचाही हिशेब मांडू.

तुळशीदासाने उदेभानाचं काय केलं? सभासदाच्या बखरीतला रजपूत पोवाड्यात मोगल झाला. त्याला अठरा बायका दिल्या. त्याची खादाडी गाई-मेंढरांच्या मापात मोजली. त्याच्या हाताखाली सिद्दी हिलाल नावाचा सरदार ठेवला. आता गंमत बघा. सिद्दी हिलाल नावाचा सरदार इतिहासात आहे, पण तो कुणाच्या बाजूने? १६६० मध्ये शिवराय पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकले, तेव्हा तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर गेलेला हा सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. ज्या बापाने स्वराज्यासाठी पोरगा दिला, त्याचं नाव शाहिराने शत्रूच्या यादीत नेऊन बसवलं. मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. नाव कानाला 'तिकडचं' लागलं, गेलं तिकडे. पण असंच तर होतं ना? नाव ऐकायचं आणि बाजू ठरवायची.

तेव्हा पोवाडा निर्दोष नाही. रजपुताचा मोगल करण्याचं काम सिनेमाच्या आधी पोवाड्यानेच केलं. मग सिनेमाने वेगळं काय केलं?

सिनेमाने उदेभानाला पुन्हा राठोड केला. नावापुरता इतिहास दुरुस्त झाला. पण त्याचे कपडे काळे केले, डोळ्यात काजळ घातलं, त्याला मगर भाजून खायला लावली, बंदिवान विधवा राजकन्या त्याच्या कोठडीत ठेवली. नाव रजपुताचं आणि अंगावरची सगळी खूण 'पद्मावत'मधल्या खिलजीची. प्रेक्षकाला नाव ऐकू येत नाही, खूण दिसते. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या दहा जणांना विचारा की उदेभान कोण होता. आम्ही आमच्यातल्याच पोरांना विचारलं. दोघांनी सांगितलं, "मुसलमान."

पोवाड्यातल्या गाई-मेंढरांचं आणि सिनेमातल्या मगरीचं नातं इथे लक्षात येतं. माणसाला राक्षस ठरवायचं असेल तर आधी त्याचं ताट दाखवायचं. हे तंत्र आपल्याला नवीन नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेचं मूळ शोधताना बोट ठेवलं ते गोमांसाच्या ताटावरच. कोण काय खातो यावरून कोण गावात आणि कोण गावाबाहेर हे ठरत आलं. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, तेव्हा ती जुनी रेघ नव्याने ओढली गेली. ज्यांच्या आजोबांना ताटावरून माणसांतून काढलं, त्यांनी पडद्यावरच्या उदेभानाचं ताट बघून टाळ्या वाजवाव्यात? आम्ही वाजवल्या. खोटं कशाला बोला, त्या अंधारात आम्हीही वाजवल्या.

'पद्मावत'चीही हीच गोष्ट. १५४० मध्ये मलिक मुहम्मद जायसी नावाच्या सूफी कवीने अवधी भाषेत ते महाकाव्य लिहिलं. चितोड म्हणजे शरीर, रत्नसेन म्हणजे मन, पद्मावती म्हणजे प्रज्ञा, असा त्याचा अर्थ लावला गेला. काव्याच्या शेवटी जिंकणाऱ्या सुलतानाच्याही हाती राखच येते. २०१८ मध्ये त्यावर सिनेमा आला आणि मुसलमान कवीच्या काव्यातून मांस ओरबाडणारा रानटी मुसलमान तेवढा बाहेर पडला. काव्यातला प्रश्न गेला, शत्रू राहिला. तुळशीदासाच्या पोवाड्याचं हेच झालं. आई गेली, लग्नघर गेलं असं नाही, ते पडद्यावर आहे. पण ज्या जोडकामाने किल्ला आला, ते जोडकाम गेलं.

'तान्हाजी'चा ट्रेलर आला तेव्हा झेंड्यावर 'ॐ' दिसला आणि महाराष्ट्रात त्यावर आक्षेप घेतले गेले. खुद्द उदेभान झालेल्या सैफ अली खानने नंतर एका मुलाखतीत सांगितलं की हा इतिहास आहे असं त्याला वाटत नाही. त्यावर त्यालाच शिव्या बसल्या. सिनेमाला राज्य सरकारने करमाफी दिली. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत निकोप मनोरंजन करणारा सर्वोत्तम लोकप्रिय चित्रपट म्हणून त्याचा सन्मान झाला. निकोप! आता हा निकोपपणा आमच्या गल्लीत उतरला तेव्हा काय झालं ते सांगतो.

भिवंडी म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मागांचा खडखडाट रात्रंदिवस. मालक कुणी, माग चालवणारा कुणी, कांडी भरणारा कुणी. उत्तर प्रदेशचे मोमीन, तेलंगणातले पद्मशाली, आजूबाजूच्या गावांतले आगरी-कोळी, आणि आम्ही. ७ मे १९७० ला या गावात शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि दंगल पेटली. माणसं मेली, घरं जळाली, माग जळाले. दंगल जळगाव आणि महाडलाही गेली. होय, तेच महाड, जिथे बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली. ही काही अचानक उडालेली ठिणगी नव्हती, आधीची काही वर्षं तणाव रचला जात होता, हे आयोगाच्या अहवालातून पुढे आलं. १९८४ च्या मेमध्ये पुन्हा तेच. आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, कारण पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी त्याआधीच मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. वेगवेगळ्या धर्मांची माणसं एका सतरंजीवर बसवली होती. आमच्यातले दोन जण त्या सतरंजीवर बसलेले आहेत.

या गावात आम्ही १९ फेब्रुवारी २०२० ला शिवजयंतीचं नाटुकलं बसवत होतो. सिनेमा नुकताच येऊन गेलेला, पोरांना सिंहगडच पाहिजे होता. आम्ही म्हटलं, चांगलं आहे, पोवाडा घेऊ, डफ घेऊ. तालमीची जागा विहाराची पडवी. तानाजी व्हायला सात जण तयार. उदेभान व्हायला कुणीच नाही. मग एकाने गल्लीतल्या एका मुलाचं नाव काढलं. मोमीन घरातला, उंच, खांद्यात भरलेला, आमच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळणारा, बापाबरोबर मागावर जाणारा. पोरगं म्हणालं, "त्याला करू की उदेभान. त्याला शोभेल."

सगळे हसले. आम्हीही हसलो.

त्याला विचारलं तर तो 'हां' म्हणाला. दोन तालमींना आला. दुसऱ्या तालमीला एकाने घरून हिरवा सदरा आणला आणि त्याला घालायला दिला. त्याने तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "उदेभान तो राठोड था ना? स्कूल में पढ़ा है। फिर हरा क्यों?"

कुणाकडे उत्तर नव्हतं. सदरा आणणारा म्हणाला, "अरे, पिक्चरमध्ये..." आणि थांबला, कारण पिक्चरमध्येही तो हिरवा नव्हता, काळा होता. मग तो हिरवा आला कुठून? आमच्या डोक्यातून आला. सिनेमाने अर्धं काम केलं होतं, उरलेलं आम्ही घरच्या घरी केलं.

तिसऱ्या तालमीला तो आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला आणि तो कामावर आहे असं सांगितलं. माग बंद होता, लाइट गेलेली होती, ते तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. नाटुकलं झालं. उदेभान आमच्यातलाच एक झाला, केशरी फेटा बांधून. सूत्रधाराने सुरुवातीलाच सांगितलं की हा उदेभान राठोड, रजपूत किल्लेदार, आणि ही लढाई धर्माची नाही. कोळ्यांचा प्रसंग आम्ही पोवाड्याप्रमाणे पूर्ण घेतला. लोकांना तो आवडला, आमच्या शेजारच्या पाड्यावरची कोळी बायामाणसं तर जास्तच खूश झाली. पण तो मुलगा बघायला आला नाही. महिन्याभरात लॉकडाऊन लागला. त्याचं कुटुंब गावी निघून गेलं, ते परतलं नाही.

आम्हाला त्याची माफी मागायची होती, ती राहून गेली. पुढच्या तालमीपर्यंत थांबू म्हटलं, आणि पुढची तालीम कधी झालीच नाही.

इथे आमचा काही मित्र आम्हाला टोकतील. म्हणतील, तुम्ही आंबेडकरवादी, तुम्हाला शिवजयंती आणि तानाजीशी काय करायचं? ते त्यांचं, हे आपलं. आम्हाला हे पटत नाही. १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा लिहिला तो महात्मा फुल्यांनी. त्यांनी राजाला कुळवाडीभूषण म्हटलं. हा पोवाडा कुणबी, माळी, महार, मांग अशा खाली दडपलेल्या लोकांच्या उपयोगी पडावा, असा हेतू त्यांनी स्पष्ट सांगितला. टिळकांचा उत्सव त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी आला. आणि आमच्याच ठाणे जिल्ह्यातली गोष्ट. मे १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहानंतर दीड महिन्याने, बदलापूरला शिवजयंतीचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला आणि त्याचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रात्री निघालेल्या पालखीच्या मिरवणुकीत ते लोकांबरोबर चालले. बदलापूर आणि भिवंडी, एकाच जिल्ह्यातल्या दोन मिरवणुका. एकीत अस्पृश्य मानलेला माणूस अध्यक्ष म्हणून चालला, दुसरीतून आग निघाली. राजा तोच. मग फरक कशात? राजाची गोष्ट कोण सांगतं आणि कुणाविरुद्ध सांगतं, यात.

गोष्टीत कुणाला जागा मिळते हा प्रश्न नुसता वाङ्मयाचा नाही. वढू बुद्रुकला संभाजीराजांच्या अंत्यसंस्काराशी गोविंद गोपाळ महार यांचं नाव परंपरेने जोडलेलं आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस त्यांच्या समाधीपाशी फलकावरून वाद झाला, मोडतोड झाली आणि तीन दिवसांत भीमा कोरेगावला दगड पडले. एका महाराचं नाव एका गोष्टीत असू नये, एवढ्यासाठी! आणि मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात हिंसा झाली, तेव्हा 'छावा' सिनेमाने लोकांच्या भावना भडकल्याचं मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत बोलून दाखवलं. म्हणजे सिनेमा म्हणजे नुसती करमणूक, हे आता सरकारही म्हणत नाही.

मग करायचं काय? सिनेमा बंद पाडा, पोस्टर फाडा, असं आम्ही म्हणणार नाही. ते 'पद्मावत'च्या वेळी करणी सेनेने केलं. ते त्यांनाच शोभतं. आपल्या हातात दुसरं हत्यार आहे आणि ते आपल्याच माणसांनी घडवलं आहे. भीमराव कर्डकांनी जलसे उभे केले. अण्णा भाऊ साठ्यांनी मराठी पोवाड्याचा बाज घेऊन स्टालिनग्राडची लढाई गायली. रशियातलं एक शहर मुंबईच्या कामगाराला आपलं वाटायला लावलं. वामनदादा गावोगाव गात फिरले. विलास घोगरेंनी गायलं, आणि १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर ते सहन न होऊन जीव दिला. पोवाडा ही आपल्याला कुणी दान दिलेली वस्तू नाही. त्याला थ्रीडी लागत नाही. डफ लागतो, गळा लागतो आणि समोर बसलेली माणसं लागतात. शाहिराला समोरच्या माणसाच्या डोळ्यात बघून गावं लागतं. पडद्याला ती अडचण नाही. तो कुणालाही काहीही ठरवतो आणि ज्याला ठरवलं तो हॉलमध्ये कितव्या रांगेत बसला आहे, हे त्याला कळत नाही.

यंदा आम्ही पुन्हा सिंहगड घेतो आहोत. या वेळी पोवाड्याला आम्ही दोन गोष्टी विचारणार आहोत आणि त्या मंचावरून उघड विचारणार आहोत. तुळशीदासा, तुझा कोळी एवढा मोठा, मग त्याला शेवटी बक्षीस काय मिळालं ते का सांगितलं नाहीस? आणि पन्हाळ्याला आपल्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल तू पलीकडे का उभा केलास? शाहिरावर प्रेम असेल तर त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. हेच तर आम्हाला बाबासाहेबांनी शिकवलं.

उदेभानाचं काम कुणी करायचं हे या वेळी चिठ्ठ्या टाकून ठरलं. ज्याची चिठ्ठी निघाली तो पोरगा जरा नाराज झाला, म्हणाला, मला तानाजी व्हायचं होतं. आम्ही म्हटलं, होशील पुढच्या वर्षी. यंदा तू उदेभान राठोड आहेस, नीट उभा राहा.

हिरवा सदरा अजून विहाराच्या कपाटात आहे. ज्याने आणला त्याने परत नेला नाही. आम्हीही तो टाकून दिलेला नाही. दर वर्षी तालमीच्या पहिल्या दिवशी तो बाहेर काढतो, नव्या पोरांना दाखवतो आणि ही गोष्ट सांगतो, आमच्या हसण्यासकट.

जय शिवराय! जय भीम! जय संविधान!